घडीची खुर्ची

माझ्या पळसदरीच्या घराच्या पडवीत एक लोखंडी घडीची खुर्ची आहे. ती कायम मिटलेली असते आणि सुतळीने दोन ठिकाणी बांधलेली असते. घरी नवीन माणूस आला की त्याचा हात आधी तिच्याकडे जातो. ‘असू द्या, ती नको,’ असे म्हणून मी त्याला आतले स्टूल आणून देतो. माणूस स्टुलावर बसतो, चहा घेतो, समोरून खोपोलीकडे जाणारी लोकल पाहतो आणि उठताना हमखास विचारतो, “मास्तर, ती खुर्ची मोडलीय का?”

खुर्ची मोडलेली नाही. तिचा एक खिळाही ढिला नाही. तिची हकीकत मी फारशी कोणाला सांगत नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचे काही समजायचे नाही, म्हणून सांगतो.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या शाळेत शिकवतो ती लोकलने थोडी खोपोलीच्या बाजूला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आसनव्यवस्था माझ्याकडे होती. सभागृह म्हणजे पत्र्याची लांबट शेड. पुढे मुलांसाठी जाजम, त्यामागे वर्गातली बाके, आणि बाकांच्या मागे कोणा दात्याने दिलेल्या चाळीस लोखंडी घडीच्या खुर्च्या. त्या वर्षी पालक अपेक्षेपेक्षा जास्त आले. दिवसभर भातखाचरात किंवा कारखान्यात राबून आलेली माणसे तिष्ठत उभी आहेत, हे मला बघवेना. मी शेवटच्या दोन ओळी मोडल्या आणि मधल्या वाटेत खुर्च्या एकीमागे एक मांडल्या. काही बाजूच्या दाराशीही मांडल्या. दहा मिनिटांत सगळे बसले. पाहुण्यांनी भाषणात माझ्या व्यवस्थेची तारीफ केली. मला ती आवडली, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या की तिसऱ्या कार्यक्रमाला वीज गेली. त्यात नवल काही नव्हते. पण अंधारात कोणी तरी ‘साप!’ म्हणून ओरडले. आमच्या भागात हा शब्द थट्टेने घेता येत नाही. जाजमावरची मुले उठली आणि नेहमीच्या सवयीने मधल्या वाटेने धावली. त्या वाटेत मी खुर्च्या मांडल्या होत्या. घडीच्या खुर्चीला मागून धक्का बसला की ती नुसती पडत नाही, पडता पडता मिटते. दोन-तीन मिनिटांनी वीज आली. साप कोठेच नव्हता. चौथीतली एक मुलगी मिटलेल्या खुर्चीपाशी बसली होती. ती रडतही नव्हती. खुर्चीचे पाय जेथे कात्रीसारखे एकमेकांवरून जातात, तेथे तिच्या अनामिकेचे पुढचे पेर अडकले होते. रिक्षातून कर्जतला नेले, पण ते पेर राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. खोपोलीकडच्या एका कारखान्यात ते फिटर होते. रात्रभर जागून मी उत्तरे तयार ठेवली होती: वीज गेली, कोणी तरी ओरडले, मुले ऐकत नाहीत. त्यांनी यातले काहीच विचारले नाही. “खुर्ची कोणती?” एवढेच म्हणाले. मी दाखवली. त्यांनी ती दोनदा उघडली, दोनदा मिटली, खाली बसून सांध्याकडे पाहिले, आणि आपली करंगळी त्या फटीजवळ धरून म्हणाले, “बघा मास्तर. उघडी असली की इथं बोट जाईल एवढी जागा. मिटली की काहीच नाही. गेलेलं बोट बाहेर यायला वाटच ठेवलेली नाही.”

त्यांनी हे रागाने म्हटले नाही. एखादे यंत्र का बिघडले ते मुकादमाला सांगावे, तशा सुरात म्हटले. ते रागावले असते तर मी दोन वर्षांत विसरलो असतो. ती खुर्ची मी शाळेला पैसे भरून घरी आणली आणि बांधून ठेवली.

तेव्हापासून मला खुर्च्या दिसू लागल्या. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे शेकडो वेळा खुर्चीत बसली असतील, ‘तो मटकन खुर्चीत बसला’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल त्याला गणती नाही. पण खुर्ची कशी आहे, आणि त्या माणसाला उठायचे झाले तर तो कसा उठेल, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. आता मुंबईला नाटकाला गेलो की मी पडद्याआधी आसनाकडे पाहतो. एकदा दादरला मध्यंतरात मी खिशातून टेप काढून दोन ओळींमधले अंतर मोजू लागलो. द्वारपाल आला. “काय हरवलंय का काका?” “नाही, मोजतोय.” तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मग घंटा व्हायच्या आत मोजा.”

मोजले ते असे. एका पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत तीन फूट. आसन खाली असताना त्याच्या कडेपासून पुढच्या पाठीपर्यंत जेमतेम एक फूट. माणूस उठला आणि आसन वर गेले की तीच जागा पावणेदोन फूट. हे नऊ इंच कोठून आले? कोठूनच आले नाहीत. बसलेल्या माणसाने ते वापरले होते, उठताना परत केले. नाट्यगृहातल्या खुर्चीची सगळी अक्कल या नऊ इंचांत आहे.

भौतिकशास्त्रात माझी मजल मॅट्रिकपर्यंतची, म्हणजे तरफेच्या पलीकडे नाही. पण येथे तरफच पुरते. आसन ज्या खिळ्यावर फिरते तो बरोबर मध्ये नसतो, मागे असतो. त्याच्या मागच्या बाजूला वजन लावलेले असते, किंवा आत स्प्रिंग असते. रिकामे असताना मागची बाजू जिंकते आणि आसन वर जाते. माणूस बसला की पुढची बाजू जिंकते. स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या ताणाने थकते, वजन थकत नाही. म्हणून वजनाची खुर्ची जुनी झाली तरी इमानाने उठते. तिच्यात एकच खोड आहे. चार-पाच वर्षांचे मूल अगदी मागे सरकून बसले की त्याला ती माणसात जमा धरत नाही. आसन मुलासकट वर उचलू लागते आणि पोराचे गुडघे हनुवटीला टेकतात. नाटक पाहायला आलेल्या प्रत्येक आईला हे ठाऊक असते.

बसण्याची घडी करणे हे माणसाला फार जुने सुचलेले आहे. 1922 साली तुतनखामेनची कबर उघडली तेव्हा तिच्यात घडीची आसनेही निघाली. रोममधल्या मोठ्या अधिकाऱ्यांचे आसन घडीचे असे. जेथे अधिकारी तेथे त्याचे आसन, म्हणून ते उचलून नेता यावे लागे. आपल्याकडे घडीची खुर्ची म्हणजे दुय्यम पाहुण्याची. तिकडे ती सत्तेची खूण होती. मला सर्वांत आवडते ती मात्र युरोपातल्या मध्ययुगीन मठांतली. तेथे भिक्षूंना प्रार्थना तासन्‌तास उभ्याने करावी लागे. त्यांचे आसन वर मिटत असे आणि मिटलेल्या आसनाच्या खालच्या अंगाला लाकडाची बोटभर रुंद अशी फळी असे. उभ्या भिक्षूने हळूच तिच्यावर टेकावे. दिसायला तो उभा, पायांना मात्र विसावा. त्या फळीला जे नाव होते त्याचा अर्थ ‘दया’ असा आहे. सुतारकामातल्या एका फळीला असे नाव मिळावे, याचा मला हेवा वाटतो.

नाट्यगृहातल्या खुर्चीच्या बाबतीत बोस्टनच्या आरन ॲलन या गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. 1854 साली त्याने आपोआप वर उठणाऱ्या आसनाचे पेटंट घेतले. 1911 साली नॅथॅनिअल अलेक्झांडर याने पाठीमागे पुस्तक ठेवायची फळी असलेली घडीची खुर्ची काढली. ती शाळांसाठी आणि प्रार्थनामंदिरांसाठी होती. पॅरिसच्या नाट्यगृहांत तर वाटेतच उघडायची आसने ओळीच्या टोकांना लावण्याची रीत होती. ते वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. वाटेत खुर्ची मांडणारा मी काही पहिला नव्हतो.

आपल्याकडे 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. वाड्याचा चौक, खाली बैठक, लोक मांडी घालून बसलेले. पुढे थिएटरे झाली, खुर्च्या आल्या, आणि खुर्च्यांबरोबर दर आले. पिटातला माणूस, खुर्चीवरचा माणूस, कोचावरचा माणूस अशा जाती तिकिटावर छापल्या जाऊ लागल्या. वेताच्या खुर्च्यांतले ढेकूण मात्र दर पाहून चावत नसत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले पॅलेस थिएटर 1915 साली उभे राहिले. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आत प्रयोग चालू नव्हता, प्रेक्षक नव्हते, एवढेच दैव. मी वर्तमानपत्रातले फोटो पाहत होतो. लोक छपराविषयी आणि रंगमंचाविषयी हळहळत होते, तसा मीही हळहळलो. पण मनात दुसरेच चालले होते: खुर्च्या भरलेल्या असत्या तर?

या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत 13 जून 1997 रोजी मिळाले आहे. उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर वर बाल्कनीत चढला. एकोणसाठ माणसे गेली. गेली ती बहुतेक धुराने, ज्वाळांनी नव्हे. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी उजव्या बाजूची वाट बुजवली होती, हे पुढे न्यायालयात आले. ज्याने त्या खुर्च्या बसवायला सांगितल्या तो काही राक्षस नसेल. तेवढ्या जास्त लोकांची बसायची सोय होते, तेवढी तिकिटे जास्त खपतात, असा साधा हिशेब त्याने केला असेल. माझा हिशेब तर तिकिटांचाही नव्हता, नुसत्या चांगुलपणाचा होता. पण अंधारात धावणाऱ्या मुलाला खुर्ची चांगुलपणाने मांडली आहे की लोभाने, हे कळत नाही.

कधी कधी मला वाटते, आपल्या लोकांना घडीच्या खुर्चीची गरज फार उशिरा पडली, कारण आपण स्वतःलाच घडी घालत आलो. मांडी घालणे म्हणजे दुसरे काय? पाय दुमडून पोटाशी घ्यायचे आणि दीड फुटाच्या चौकटीत मावायचे. शेजारी कोणी आला की गुडघा आत ओढायचा. कीर्तनात, मठात, पंगतीत, लग्नाच्या मांडवात आपण जागा वाचवली ती अशी. एका सतरंजीवर किती माणसे मावतात याला आपल्याकडे कधी आकडा नव्हता. खोपोली लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तोही या परंपरेतलाच. ‘जरा सरकून घ्या’ म्हटले की तिघेही न बोलता चार-चार बोटे सरकतात आणि चौथ्याला अर्धे आसन मिळते. कर्जत-पळसदरी एवढ्या प्रवासात मी ते किती तरी वर्षे भोगले आहे आणि किती तरी वर्षे दिले आहे.

पण माणसाच्या बिजागऱ्या गंजतात. माझी आई साठीपर्यंत भजनाला पहिल्या ओळीत मांडी घालून बसे. मग गुडघे धरले. मग ती भिंतीला टेकून पाय पसरून बसू लागली. पाय लोकांकडे होतात म्हणून पदराने झाकून घेई. पुढे तिने भजनाला जाणेच सोडले. ‘आवाज बसलाय माझा,’ असे ती सांगे. आवाज चांगला होता. बसता येत नव्हते आणि खुर्ची मागायची लाज वाटत होती. हे मला ती गेल्यानंतर समजले. आता प्रत्येक कार्यक्रमात भिंतीकडेला चार खुर्च्या मांडलेल्या दिसतात आणि म्हातारी माणसे बिनदिक्कत त्यांच्यावर बसतात. त्या पाहिल्या की बरे वाटते, आणि उशीर झाला असेही वाटते. म्हणून खुर्च्या कमी करा, असे म्हणणारा मी नव्हे. खुर्ची पाहिजेच. ती कोठे पाहिजे, एवढाच माझा वाद आहे.

हा वाद यंदा मला घालावा लागला. देणग्या जमल्या आणि आमच्या शाळेला पक्के सभागृह बांधायचे ठरले. खुर्च्या विकणारा एक हुशार तरुण नमुना घेऊन आला. खुर्ची खरोखर सुरेख होती. मिटली की वहीसारखी पातळ व्हायची. आसनाच्या खालच्या अंगाला बारीक भोके होती. रिकामी खुर्चीसुद्धा भरलेल्या खुर्चीसारखाच आवाज शोषून घेते, म्हणजे रिकाम्या सभागृहात घुमत नाही, असे त्याने समजावले. ते खरेही होते. मग त्याने कागद काढला. सभागृहाची तीस फूट लांबी खुर्च्यांसाठी. तीन फुटांनी मांडल्या तर दहा ओळी. पण त्याची खुर्ची इतकी पातळ मिटते की अडीच फुटांनी मांडता येईल, म्हणजे बारा ओळी. मधली वाट निम्मी केली तर प्रत्येक ओळीत आणखी एक खुर्ची. समितीचे डोळे चमकले. शाळेला सभागृह भाड्याने द्यायचे होते, आणि भाड्यातून प्रयोगशाळा करायची होती. प्रयोगशाळा मलाही पाहिजे होती.

मी फळ्यावर आकडे लिहिले. खुर्ची कितीही पातळ मिटो, बसलेला माणूस मिटत नाही. त्याच्या गुडघ्यांना लागते तेवढे लागतेच. अडीच फुटांच्या ओळीत आसन खाली असताना पुढे सहा इंच उरतात. सहा इंचांतून म्हातारे माणूस आडवे जात नाही. अध्यक्ष समंजस आहेत. ते म्हणाले, “मास्तर, आग काय रोज लागते? कार्यक्रम रोज व्हायचे आहेत.” या बोलण्याला उत्तर नसते. पुढच्या बैठकीला मी पडवीतली खुर्ची सुतळीसकट लोकलमध्ये घालून नेली आणि टेबलावर ठेवली. अकरा वर्षांपूर्वी जे समितीवर होते त्यांनी ती ओळखली. जे नव्हते त्यांना शेजाऱ्यांनी सांगितले. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर रडकथा झाली असती.

मी जिंकलो असे नाही. अकरा ओळी ठरल्या. एक ओळ त्यांनी सोडली, एक मी सोडली. म्हणजे जवळजवळ पावणेतेहतीस इंच. रात्री मी हा आकडा पुन्हा पुन्हा मोजतो आणि मला तो तीन-सव्वातीन इंचांनी कमीच वाटतो. मधली वाट मात्र पूर्ण राहिली आणि तिच्यात कधीही खुर्ची मांडायची नाही असा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला. तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. माझ्या कादंबऱ्यांचे काय व्हायचे ते होवो, ते एक वाक्य टिकले तर पुरे.

सभागृह अजून पुरे झालेले नाही. म्हणून गेल्या वर्षीचे संमेलन त्याच पत्र्याच्या शेडमध्ये झाले. ती मुलगी आता वीस-एकवीस वर्षांची आहे, कर्जतला जाऊन पुढचे शिकते. माजी विद्यार्थिनी म्हणून मदतीला आली होती. तिने आल्या आल्या बांबूच्या कामट्या मागितल्या आणि मागच्या खुर्च्या चार-चार करून एकमेकींना बांधल्या. “सर, एकटी खुर्ची कलंडते. चार बांधल्या की धक्का लागला तरी जागेवर राहतात,” ती म्हणाली. तिला हे कोणी सांगितले ते मी विचारले नाही. गाठी मारण्याची पद्धत तिच्या वडिलांची होती. ती गाठ मारताना अनामिका बाजूला ठेवत होती. मी दुसरीकडे पाहिले.

माणसे जास्त आली. मी सवयीने मधल्या वाटेकडे पाहिले. ती जवळच उभी होती. “राहू द्या सर,” ती म्हणाली, “उभे राहतील थोडे.”

उभे राहिलेल्यांत तिचे वडीलही होते, मागच्या भिंतीशी. पुढे एक खुर्ची रिकामी झाली तेव्हा मी त्यांना म्हटले, “बसा ना, केव्हाचे उभे आहात.”

“नको मास्तर,” ते म्हणाले, “इथनं ती पण दिसते आणि दार पण दिसतं.”

मग मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो, ते संमेलन संपेपर्यंत.